उन्हास उंबरठ्याबाहेर ठेवा

चैत्र सरून वैशाख लागला, म्हणजे घरोघरीं एकच विषय निघतो. सकाळीं चहाच्या वेळीं वर्तमानपत्रांतील पाऱ्याचा आंकडा मोठ्यानें वाचला जातो, दुपारीं पंखा नुसती गरम हवा ढकलतो अशी तक्रार होते, आणि रात्रीं पानें वाढून झाल्यावर घरांतील तरुण मंडळी वातानुकूलन-यंत्राची गोष्ट काढतात. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरींहि ती निघाली; परंतु या खेपेस ती केवळ सुखसोयीची राहिली नव्हती.

आमचा वाडा पुण्याच्या जुन्या पेठेंत आहे. माडीवरच्या पश्चिमेकडील खोलींत आमच्या आत्याबाई राहतात. त्यांचें वय ऐशींच्या पुढें. एके दिवशीं दुपारीं साडेचारच्या सुमारास धाकटी सून चहा घेऊन वर गेली, तों आत्याबाई कॉटवर निपचित पडलेल्या. अंग तापलेलें, बोलणें असंबद्ध. ओल्या पंचांनीं अंग पुसत पुसतच त्यांना रुग्णालयांत न्यावें लागलें. तिसऱ्या दिवशीं त्या सुखरूप घरीं आल्या, पण निघतांना डॉक्टरांनीं बजावलें, “पुन्हां यांना दुपारीं त्या खोलींत ठेवूं नका.”

त्या रात्रीं ओसरीवर घरांतील सर्वजण बसले. पुतण्यांचें म्हणणें, उद्यांच यंत्र बसवावें. थोरल्या बंधूंचें म्हणणें, वाड्यांतील विजेच्या तारा फार जुन्या; त्यांना हा भार झेपणार नाहीं. कोणी एकानें हळूच असेंहि सुचविलें, कीं वाडा एकदांचा बांधकामवाल्यास देऊन टाकावा आणि सर्वांनीं सुखानें वेगवेगळ्या घरांत राहावें. या शेवटच्या सूचनेनंतर कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. मग आत्याबाईच माजघरांतून म्हणाल्या, “अरे, याच खोलींत आमचे आजोबा दुपारीं पांघरूण घेऊन निजत. तेव्हां ती इतकी तापत नव्हती.”

हा प्रश्न आमच्या मनांत रुतून बसला. भिंती त्याच, दिशा तीच, सूर्यहि तोच. मग आजोबांची थंड खोली आमच्या पिढींत भट्टी कशी झाली? त्याचा शोध घेतां घेतां जें हातीं लागलें, तें येथें मांडीत आहों. आमच्यासारख्या जुन्या घरांतून राहणाऱ्या कुटुंबांस त्याचा उपयोग होईल अशी आशा आहे.

ऊन घरांत शिरतें कसें

स्वच्छ आकाशांत ऊन ज्या पृष्ठभागावर लंब पडतें, त्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारें १००० वॅट शक्ति येऊन आदळते. संध्याकाळकडे हें प्रमाण कमी होतें. तरी पश्चिमेच्या दोन मोठ्या उघड्या खिडक्या म्हणजे खोलींत पेटवून ठेविलेली एक विजेची शेगडीच समजावी. अशी शेगडी वैशाखांत चार तास पेटती ठेवून वर पंखा लावण्यांत काय हंशील?

आतां सूर्याची चाल पाहूं. पुणें सुमारें साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळें मेच्या मध्यावर आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस मध्यान्हींचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो. २२ डिसेंबरला मात्र तो दक्षिणेस झुकून क्षितिजापासून सुमारें ४८ अंशांवरच असतो. याचा परिणाम दक्षिणेच्या भिंतीवर पाहण्यासारखा आहे. खिडकीवर दोन फूट पुढें आलेला छज्जा असला, तर २१ मार्चला मध्यान्हीं त्याची सावली सुमारें सहा फूट खालीं उतरते. मे महिन्यांत तर दुपारचें ऊन त्या भिंतीस लागतच नाहीं. उलट डिसेंबरांत तीच सावली जेमतेम सव्वादोन फूट पडते आणि थंडीचें कोंवळें ऊन घरांत येतें. लांकडाच्या चार फळ्यांनीं ऋतु ओळखावा, ही गोष्ट पाहून आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

पश्चिमेस हा हिशेब चालत नाहीं. एप्रिलच्या मध्यावर घड्याळांत पांच वाजले असतां सूर्य क्षितिजापासून सुमारें २५ अंशांवर, बरोबर समोर असतो. त्या वेळीं दोन फुटी छज्ज्याची सावली एक फूटहि खालीं येत नाहीं. ऊन सरळ आडवें घुसतें, आणि तेंहि अशा वेळीं, कीं जेव्हां हवा दिवसभर तापून चुकलेली असते. पूर्वेचें ऊनहि आडवेंच. परंतु तें सकाळच्या गार हवेंत येत असल्यामुळें तितकें बाधत नाहीं. म्हणून पश्चिमेस आडव्या छज्ज्याऐवजीं उभा आडोसा पाहिजे. ही एक गोष्ट ध्यानांत ठेविली तरी निम्मा प्रश्न सुटतो.

दुसरी गोष्ट कांचेची. कांच सूर्यप्रकाशाला आंत येऊं देते. त्या प्रकाशानें फरशी, गादी, कपाट तापतात. परंतु त्या तापलेल्या वस्तूंपासून निघणारी उष्णता कांचेंतून तशीच बाहेर पडूं शकत नाहीं. आंतल्या बाजूस जाड पडदा लावला, तर तो पडदा स्वतः तापतो आणि खोलीला तापवितो. चोर माजघरांत शिरल्यावर दिंडी लावण्यासारखाच हा प्रकार! तोच पडदा कांचेच्या बाहेर असेल, तर त्याची उष्णता बाहेरच्या वाऱ्याबरोबर निघून जाते. ऊन अडवावयाचें तें उंबरठ्याबाहेर, असें आम्ही म्हणतों तें यासाठीं.

जुन्या वाड्यांची तजवीज

आपल्या पूर्वजांनीं हे अंश मोजले नसतील, पण घरें बांधतांना त्यांनीं हीच दक्षता घेतलेली दिसते. देशावरचा वाडा घ्या. दगडी जोतें, त्यावर विटांची किंवा मातीची दीड-दोन फूट जाडीची भिंत. अशा भिंतीच्या बाहेरच्या अंगास दुपारीं लागलेला ताप आंतल्या अंगास पोंचण्यास सुमारें दहा-बारा तास लागतात. म्हणजे दुपारचें ऊन आंत येतें तें मध्यरात्रीं, आणि तेव्हां खिडक्या-दारें उघडून त्याची बोळवण करतां येते. चार-पांच इंचांच्या सिमेंटच्या छतांतून तोच ताप तीन-चार तासांत, म्हणजे ऐन संध्याकाळीं आंत उतरतो.

घराच्या मधोमध चौक. रात्रीं त्याची फरशी मोकळ्या आकाशाकडे आपली उष्णता टाकून निवते. थंड हवा जड असल्यामुळें तेथेंच साचून राहते आणि सकाळीं भोंवतालच्या सोप्यांत व माजघरांत पसरते. चौकाभोंवतीं सोपा असल्यामुळें आंतल्या भिंतींना ऊन असें लागतच नाहीं. चौकांत हौद असला म्हणजे आणखी गारवा. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजच्या तलावाचें पाणी नळानें शहरांत आणलें गेलें, तें पेठांतल्या व वाड्यांतल्या हौदांतूनच खेळत असे.

रस्त्याकडील बाजूस सज्जा. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळचा विश्रामबाग वाडा पुण्याच्या वाचकांस ठाऊकच आहे. त्याचे कोरीव सागवानी सज्जे आपण शोभेची वस्तु म्हणून पाहतों. परंतु सज्जा म्हणजे खोली आणि ऊन यांच्यामध्यें राखून ठेविलेली एक रिकामी जागा होय. ऊन सज्ज्यांत पडतें, खोलींत नाहीं. सज्ज्याच्या कठड्यापासून वर बांबूच्या चिकाचे पडदे सोडलेले असत. चिकाच्या काड्यांतून वारा येतो, बाहेरचें दिसतें, ऊन मात्र अडतें. आणि घरांतील बायकांना रस्त्यावरून कोणी पाहूं शकत नाहीं.

ही दृष्टि वाड्यांपुरतीच नव्हती. मुंबईच्या मैदानाच्या एका अंगास असलेल्या गेल्या शतकापूर्वींच्या इमारतींना दगडी व्हरांडे आहेत, आणि दुसऱ्या अंगास १९३० नंतरच्या काळांत उभ्या राहिलेल्या घरांच्या खिडक्यांवर भुवयांसारखे लांबच लांब छज्जे आहेत. या दोन्ही समूहांचा युनेस्कोनें २०१८ सालीं जागतिक वारशांत समावेश केला. १९८३ सालीं पुऱ्या झालेल्या ‘कांचनजंगा’ या मुंबईच्या उंच इमारतींतहि स्थापत्यकार चार्ल्स कोरिया यांनीं जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याची कल्पना घेऊन खोल, दुमजली उंचीचे सज्जे ठेविले. म्हणजे जुनी युक्ति नव्या द्रव्यांतहि चालते.

आमचीच चूक

मग आमच्या पश्चिमेच्या खोलीचें काय झालें? सांगतांना संकोच वाटतो, पण चूक आमचीच आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं घरांत माणसें वाढलीं, जागा अपुरी पडूं लागली. तेव्हां आम्हीं पश्चिमेचा सज्जा खोलींत घेतला. लांकडी कठडा आणि जाळी काढली, चिकाचे पडदे माळ्यावर टाकले, आणि तेथें जमिनीपासून तुळईपर्यंत कांचेची सरकती तावदानें बसविलीं. कौलें दर पावसाळ्यापूर्वीं चाळावीं लागत, म्हणून तीं उतरवून पत्रे घातले. त्याच सुमारास परसांतील कडुनिंब पालापाचोळ्याचा त्रास होतो म्हणून तोडला. त्या वेळीं घर ‘हवेशीर व प्रकाशमय’ झालें असें म्हणून आम्ही पेढे वांटले होते! तीस वर्षांनीं त्याचें फळ आत्याबाईंच्या वांट्यास आलें.

आमच्यासारखीं पुष्कळ घरें असतील. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां नदीकांठच्या पेठांतील कितीतरी वाडे बसले. त्यांच्या जागीं जें नवें उठलें तें बहुधा सपाट छताचें, पातळ भिंतींचें. जे वाडे वांचले, त्यांतहि सज्जे बंद झाले, चौकांवर पत्रे आले, दगडी फरशीखालची माती सिमेंटनें झांकली गेली. एकेक फेरफार लहानसा आणि त्या वेळीं सोयीचाच होता. परंतु त्यांची बेरीज होऊन घराची सावली नाहींशी झाली.

काय करतां येईल

पहिला उपाय पश्चिमेचा. सज्जा मोकळा करतां आला तर उत्तम. न आला तर तावदानांच्या बाहेर, निदान वीतभर अंतर सोडून, चिकाचे पडदे लावावे. पुण्याच्या बुरूड आळींत बांबूचें विणकाम करणारे कारागीर आहेत. ते खिडकीच्या मापाप्रमाणें चिक करून देतात. पडदा वर गुंडाळण्याची दोरी घरांतील म्हाताऱ्या माणसाच्या हातास सहज येईल अशी बांधून घ्यावी. बाजारांत प्लॅस्टिकचे चिक मिळतात, पण ते उन्हानें ठिसूळ होऊन तुटतात. बांबूचा चिक जुना झाला तरी मातीस मिळतो, आणि त्याचे पैसे कारागिराच्या घरीं जातात. पावसाळ्यापूर्वीं चिक उतरवून, झाडून, कोरड्या जागीं ठेवावे.

दुसरा उपाय छपराचा. उन्हाळ्यांत सूर्य माथ्यावर असल्यामुळें भिंतींपेक्षां छपरासच अधिक ताप लागतो. पत्रे असतील व पुन्हां कौलें घालणें शक्य असेल, तर घालावीं. न झाल्यास पत्र्याखालीं हातभर पोकळी ठेवून लांकडी तक्तपोशी करावी आणि पोकळींतील गरम हवा निघून जाण्यास दोन्ही टोकांस जाळीचीं भोंकें ठेवावीं. सपाट गच्चीस चुन्याची पांढरी सफेती द्यावी. ताज्या चुन्याचा पांढरा थर पडलेल्या उन्हापैकीं बराच मोठा भाग परत आकाशाकडे पाठवितो. काळवंडलेलें सिमेंट त्यापैकीं बहुतेक गिळून टाकतें. अहमदाबाद महानगरपालिकेनें २०१३ सालीं उन्हाच्या लाटेस तोंड देण्याची योजना आंखली, आणि पुढें गरीब वस्तींतील घरांचीं छपरें पांढरीं करण्याचें काम तींत घेतलें, तें यामुळेंच. मात्र सफेती दरवर्षीं करावी लागते, कारण धुळीनें ती मळते.

सफेतीपेक्षांहि सरस उपाय म्हणजे गच्चीवर मांडव. लग्नाकार्याच्या वेळीं आपण दारांत मांडव घालतोंच. तसाच बांबूचा हलका सांगाडा फाल्गुनांत गच्चीवर उभा करावा आणि त्यावर तट्टे किंवा रोपवाटिकेंत वापरतात तें जाळीचें कापड ताणावें. मांडव आणि गच्ची यांच्यामध्यें माणूस उभा राहील इतकी मोकळी जागा असावी, म्हणजे वारा खेळतो आणि कुरडया-पापड घालण्यासहि बाजूस ऊन उरतें. वळवाच्या वादळानें मांडव उडूं नये म्हणून दोर पक्के बांधावे. जुन्या छतावर मातीच्या कुंड्यांची गर्दी करण्यापूर्वीं तुळया व कडीपाट जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे. थंडाव्याच्या नादांत छत खालीं यावयास नको.

तिसरा उपाय झाडांचा व वेलींचा. कडुनिंब आणि करंज यांना नवी पालवी फुटते ती नेमकी वसंतांत. वैशाखांत त्यांची सावली दाट असते. पश्चिमेस जागा असेल तर भिंतीपासून पुरेसें अंतर सोडून असें एखादें झाड लावावें. जागा नसेल तर मधुमालती, कृष्णकमळ, गोकर्ण यांचा वेल तारांच्या जाळीवर चढवावा. ही जाळी भिंतीपासून वेगळी हवी. भिंतीसच चिकटून चढणारे वेल जुन्या चुन्याच्या गिलाव्यांत मुळें घालतात. आणि भिंतीच्या फटींत उगवलेलें पिंपळाचें रोप दिसतांच मुळासकट काढावें. त्याच्या पूज्यतेविषयीं वाद नाहीं, पण तें पारावर लावावें, भिंतींत वाढवूं नये.

चौथा उपाय पाण्याचा. वाळ्याच्या पडद्यांचा सुवास ज्यांनीं लहानपणीं घेतला आहे, त्यांना त्याचें वर्णन सांगावयास नको. त्यामागील शास्त्र असें, कीं एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें २४०० किलोजूल उष्णता भोंवतालच्या हवेंतून शोषली जाते. तासाला पांच-साडेपांच लिटर पाणी वाळलें, तर एक टनाचें यंत्र जितकी उष्णता काढतें जवळ जवळ तितकी निघते. परंतु त्याबरोबर हवा ओलसर होते. म्हणून हा उपाय कोरड्या उन्हाळ्याचा. नागपूर-अकोल्याकडे तो उत्तम. पुण्यास एप्रिल-मेमध्यें चांगला. मुंबईस व कोंकणांत मात्र हवेंतच पाणी भरलेलें असल्यामुळें पडदा ओला राहतो आणि माणूसहि. वाळ्याचा पडदा वाऱ्याच्या बाजूच्या दारांत लावावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहींतर खोली कोंदट होते. पाणी स्वच्छ असावें. खालच्या पन्हाळींत साचलेलें पाणी वरचेवर ओतून टाकावें, कारण डेंग्यूचा डांस अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यांत अंडीं घालतो.

पांचवा उपाय बिनखर्चाचा, पण सर्वांत विसरला गेलेला. सकाळीं नऊच्या सुमारास उन्हाच्या बाजूच्या खिडक्या-दारें लावून घ्यावीं आणि सूर्य मावळून बाहेरची हवा आंतल्यापेक्षां गार झाली म्हणजे सर्व उघडावीं. जाड भिंती रात्रीं निवल्या नाहींत, तर दुसऱ्या दिवशीं त्यांचा कांहींच उपयोग नाहीं. डांसांच्या भीतीनें रात्रीं घर बंद ठेवण्याची जी संवय लागली आहे, तिच्यावर खिडकीस बारीक जाळी हा उपाय आहे.

एक सूचना येथेंच करून ठेवितों. मातीच्या व चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा किंवा तेलाचा रंग देऊं नये. आंतला ओलावा बाहेर पडूं न शकल्यामुळें भिंत फुगते व झडते. चुन्यास चुनाच लावावा. वाडा वारसा-यादींत नोंदलेला असेल, तर दर्शनी बाजूस कांहींहि बसविण्यापूर्वीं महापालिकेची संमति घ्यावी.

कोंकण, गोमंतक

घाटाखालीं प्रश्न निराळा, म्हणून उत्तरहि निराळें. तेथें हवा दमट. तिला आणखी ओलें करून भागत नाहीं. तेथें सावली आणि वारा हींच दोन औषधें. म्हणून कोंकणांतील घराला भोंवतीं पडवी, उतरतें छप्पर, आणि पावसाळा संपल्यावर अंगणांत पोफळीच्या खांबांवर घातलेला झावळ्यांचा मांडव. पावसाळ्यापूर्वीं तो उतरवितात. गोव्याच्या जुन्या घरांतून तावदानांस कांचेऐवजीं पातळ शिंपले बसविलेले असत. त्यांतून प्रकाश येतो तो दुधासारखा सौम्य होऊन. दारापुढील बाल्कांवावर संध्याकाळीं घरचीं माणसें वाऱ्यास बसतात. सारांश, दुसऱ्या प्रांताची नक्कल न करतां आपल्या हवेचें मन ओळखून तजवीज करावी.

जुन्या घरांचा एक दोष

येथवर वाचून कोणास वाटेल, कीं जुनें तें सर्व सोनें असें आमचें मत आहे. तसें नाहीं. वाड्याच्या सावलीची वांटणी कधींच सारखी नव्हती. पुरुषमंडळी दुपारीं गार ओसरीवर पानसुपारी करीत, आणि घरांतील बायका मात्र मागील बाजूस, अंधाऱ्या, धुरानें भरलेल्या स्वयंपाकघरांत चुलीपुढें बसत. बहुतेक वाड्यांतून सर्वांत उष्ण जागा तीच असे. वाळ्याच्या पडद्यांवर दर अर्ध्या तासानें पाणी शिंपडण्याचें कामहि कोणाच्या तरी हातांवरच पडत असे, आणि ते हात निजणाऱ्याचे नसत.

ही गोष्ट आम्हांस आमच्या सुनेनें स्पष्ट शब्दांत सांगितली, हें कबूल केलें पाहिजे. ती म्हणाली, “सावली करावयाचीच तर आधीं स्वयंपाकघरापासून करा.” तिचें म्हणणें सर्वांस पटलें. म्हणून वाचकांस आमची विनंति, कीं घराची पाहणी करतांना दिवाणखान्यापूर्वीं स्वयंपाकघर पाहावें. त्याच्या खिडकीवर छज्जा आहे का, वरच्या अंगास धूर व गरम हवा जाण्यास वाट आहे का, दुपारचा स्वयंपाक उन्हें चढण्यापूर्वीं उरकतां येतो का, हें ठरवावें. दोरी ओढण्याचें व पाणी शिंपडण्याचें काम घरांतील मुलग्यांकडेहि द्यावें.

यंत्राविषयीं दोन शब्द

वातानुकूलन-यंत्राशीं आमचें वैर नाहीं. वृद्ध, आजारी माणसें व तान्हीं मुलें यांच्यासाठीं तें क्वचित् प्राण वांचवितें. वार्धक्यांत घाम कमी येतो, तहानेची जाणीव मंद होते, आणि रक्तदाबावरील कांहीं औषधांनीं शरीरांतील पाणी आणखी कमी होतें. हवा ४० अंशांच्या वर गेली, तर पंख्याचा वाराहि शरीरास तापवूं लागतो. अशा वेळीं माणूस असंबद्ध बोलूं लागलें किंवा शुद्ध हरपलें, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां अंग ओलें करीत त्यास रुग्णालयांत न्यावें.

परंतु यंत्र उष्णता नाहींशी करीत नाहीं. आपल्या खोलींतील उष्णता गल्लींत टाकतें, आणि वर स्वतःची भर घालतें. अरुंद पेठेंत प्रत्येकानें तसें केलें, तर शेजाऱ्याच्या खिडकींत आपला ताप व आपल्या खिडकींत त्याचा. सरकारनेंहि हा प्रश्न ओळखला आहे. २०१८ सालीं निवासी इमारतींसाठीं आखलेल्या ‘ईको-निवास संहिते’ंत भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आंत यावी यास मर्यादा घातली गेली. २०१९ सालीं देशाची शीतन-विषयक कृति-योजना जाहीर झाली. आणि जानेवारी २०२० पासून यंत्रें कारखान्यांतूनच २४ अंशांवर लावून येऊं लागलीं. ऊन बाहेर अडविलेल्या खोलींत यंत्र लागलेंच, तर लहान पुरतें आणि थोडा वेळ चालतें. म्हणून क्रम असा असावा: आधीं सावली, मग वारा, मग पाणी, आणि सर्वांत शेवटीं यंत्र.

आमच्या घरीं काय झालें

पावसाळा संपल्यावर आम्हीं पश्चिमेचीं तावदानें काढलीं आणि सज्जा पुन्हां मोकळा केला. माळ्यावरचे जुने चिक कुजून गेले होते. नवे करून आणले. पत्र्याखालीं तक्तपोशी घातली. स्वयंपाकघराच्या खिडकीवर छज्जा आला आणि छपरास धुराडें आलें. परसांत कडुनिंबाचें रोप लावलें आहे. त्याच्या सावलींत बसण्याचें भाग्य नातवंडांचें. खोलीचें क्षेत्र कमी झालें, म्हणून एका पुतण्याचें टेबल खालीं हलवावें लागलें. तो अजून कुरकुरतो. विजेच्या तारा मात्र बदलून घेतल्या, कारण पुढें यंत्र घेण्याचा प्रसंग आलाच तर अडचण नको.

या वैशाखांत आत्याबाई पुन्हां आपल्या खोलींत गेल्या. आरंभीं चार दिवस आम्हीं दुपारीं त्यांच्याजवळ कोणी ना कोणी बसवून ठेविलें, आणि भिंतीस हात लावून पाहिला. पूर्वीं संध्याकाळीं ज्या भिंतीवर हात ठेववत नसे, ती आतां कोंमट लागते. उकाडा गेला असें नाहीं. वैशाख हा वैशाखच. पण खोलींत माणूस निजूं शकतें. दुपारीं तीन वाजले, कीं आत्याबाई स्वतः उठून दोरी सोडतात आणि चिक खालीं येतो. त्या कामास दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाहीं.

वाडा ठेवावा कीं द्यावा, हा प्रश्न सुटला आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तो पैशाचा, वांटणीचा आणि मुलांच्या नोकऱ्यांचा प्रश्न आहे, आणि सावलीनें सुटणारा नाहीं. परंतु ‘येथें उन्हाळ्यांत राहणें शक्य नाहीं’ हें जें एक कारण पुढें केलें जात होतें, तें मागें पडलें आहे. निर्णय व्हावयाचा तो आतां शांत डोक्यानें होईल.

वाचकांस एवढीच विनंति, कीं येत्या उन्हाळ्यांत एक दिवस घरांतील मुलांना बरोबर घेऊन सकाळीं आठ, दुपारीं बारा आणि संध्याकाळीं पांच वाजतां घराभोंवतीं फिरावें, आणि ऊन कोणत्या भिंतीवर, कोणत्या खिडकींत पडतें, तें कागदावर टिपून ठेवावें. यास पैसा लागत नाहीं. कोठें छज्जा हवा, कोठें चिक, कोठें वेल, हें तो कागदच सांगेल. आणि हें करतांना घरांतील वडील माणसांस अवश्य विचारावें. पूर्वीं तेथें काय होतें, हें बहुधा त्यांनाच आठवत असतें.